तीन नंबरच्या कपाटाचा चहा

१

लाल बासन सोडलं आणि आतून निघाली चित्रकलेची तीन कोरी पुस्तकं! शाळेजवळच्या दुकानात मिळतात तसली, वर मोर काढलेली.

काकासाहेबांनी ती उलटी केली, सुलटी केली, झटकली. जणू मोराच्या पिसाऱ्यातून त्यांच्या पणजोबांची वही खाली पडणार होती.

"धनाजीरावांची वही कुठंय?" ते म्हणाले.

आमच्या कोणाच्याही आधी खोलीचं दार बोलून चुकलं होतं. बासन कपाटातून उचलताक्षणी दोन्ही पोलादी अडसर खट्ट करून बसले होते. ते रोजचंच. या घरच्या जुन्या पोथ्या-वह्यांच्या संग्रहाचा नियमच तो होता: कपाटातली वस्तू उचलली की दार बंद, परत ठेवून वजन बरोबर भरलं की दार उघडं. वाचायचं ते इथेच बसून. हा नियम काकासाहेबांचा, आणि तो संगणकाला शिकवला माझ्या ताईने. यशश्री. बडोद्यातली सगळ्यात हुशार मुलगी. (दुसरी कोण ते पुढे कळेलच.)

मी अवनी, अकरावीत आहे. शनिवारची अर्धी शाळा संपवून ताईबरोबर आले होते, कारण आज संध्याकाळी पाचला एका मोठ्या संस्थेचे लोक ती वही दान म्हणून न्यायला येणार होते. धनाजीराव संस्थानातली मनोऱ्यांवरची घड्याळं दुरुस्त करायचे, आणि प्रत्येक चाकाचं चित्र त्यांनी त्या वहीत काढून ठेवलं होतं. मला ती एकदा बघायची होती. बास, एवढंच.

"पुस्तकं परत ठेवा काका, दार तरी उघडेल," समरजितकाका म्हणाले. ते काकासाहेबांचे पुतणे. चाळिशीचे, याच घरात राहणारे. "या पुस्तकांचं वजन वहीएवढंच असणार, म्हणून तर इतके दिवस कपाट गप्प बसलं."

काकासाहेबांनी तिन्ही पुस्तकं मांडीवर घेतली आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"दार उघडेल," ते म्हणाले. "पण ही मी ठेवणार नाही. वही मिळेपर्यंत इथून कोणी हलायचं नाही. मीसुद्धा."

२

आम्ही सहाजण. खिडक्यांना गज, दारावर हातभर जाळी, आणि पाच मिनिटांपूर्वी मीच वाटलेल्या चहाचे निम्मे कप.

ट्रे मी दारातच कांचनबेनच्या हातून घेतला होता. कांचनबेन या घराचं स्वयंपाकघर सांभाळतात. त्यांना कोणाचं नाव आठवत नाही, चहा मात्र आठवतो. "आल्याचा मोटाभाईंना, काळा लिंबूवाला फिका त्या प्रोफेसर बेनला, दोन चमचे साखर जास्तीची समरजितभाईंना, कॉफी त्या ऑफिसवाल्याला," असं त्यांनी मला पाठ करून दिलं, आणि वर पुटपुटल्या, "आज तरी पिऊन टाका. गुरुवारी एक कप फुकट गेला. आणून ठेवला तर प्यायला माणूसच नाही."

मोटाभाई म्हणजे काकासाहेब, आणि ऑफिसवाला म्हणजे हेरंबसर, ताईचे साहेब. सुभानपुऱ्यात आमच्या घराच्या मागच्याच गल्लीत त्यांचं ऑफिस आहे. ताईची ती पहिली नोकरी, आणि अजून पक्की झालेली नाही. वही गेली की कपाटाचं वजन नव्याने भरायचं, म्हणून दोघं आले होते. आज कपाट उघडलं तेही ताईनेच, तिच्या कार्डाने.

हेरंबसर कोपऱ्यातल्या संगणकापाशी बसले आणि तीन नंबरच्या कपाटाची नोंद त्यांनी पडद्यावर आणली. प्रत्येकाला एक कार्ड आहे. ज्याचं कार्ड, त्याचं नाव.

"आजचं सोडलं तर शेवटचं कपाट उघडलं ते परवा, गुरुवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी," ते म्हणाले. मग थांबले. चष्मा पुसला.

"नाव वाचा," काकासाहेब म्हणाले.

"यशश्री."

"काय?" हे समरजितकाका ओरडले. सगळ्यात मोठ्याने तेच. आणि मग मटकन खुर्चीत बसले.

ताई भिंतीसारखी पांढरी झाली. "मी गुरुवारी तापाने घरी होते," ती म्हणाली.

"घरी कोण होतं सोबत?" काकासाहेबांनी विचारलं.

आई तिच्या शाळेत, बाबा रिफायनरीत, मी वर्गात. ताईने मान हलवली. कोणी नाही.

"पाचला लोक येतील," काकासाहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "त्यांच्यासमोर मला एक नाव सांगावं लागेल, पोरी. आणि मग पोलिसांनाही. माझ्याकडे सध्या एकच नाव आहे."

मी भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे बघितलं. ते माझ्या छातीएवढं उंच आहे, खाली लाकडी पेटी आणि वर पांढरी तबकडी. अकरा चोवीस! म्हणजे बंद. मोबाईलमध्ये चार वाजायला वीस मिनिटं होती.

"ते बिघडलंय," माझी नजर बघून समरजितकाका म्हणाले. "सोमवारी छाणीला न्यायचंय, दुरुस्तीला."

एक तास वीस मिनिटं. गेल्या महिन्यात वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला माझा आवाज फार आवडायला लागलाय. तोच आवाज तेव्हा माझ्या तोंडून निघाला.

"मला सगळ्यांना थोडे प्रश्न विचारायचेत."

"तुला?" हेरंबसर हसले.

"विचारू दे," काकासाहेब म्हणाले. "आपण काय, इथेच आहोत."

३

पहिल्या निरुपमाबाई. त्या संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापक, संग्रहाची सूची करायला दर मंगळवारी आणि गुरुवारी येतात.

"म्हणजे परवा होतात तुम्ही इथे," मी म्हणाले.

"होते. खाली दिवाणखान्यात. जिने चढायचे म्हणजे गुडघे परवानगी मागतात, म्हणून दुपारनंतर वर येते." त्यांनी काळा चहा संपवला. "आणि मी ती वही चोरून काय करू? सहा वर्षं तिच्यावर लिहितेय. ती हरवली तर माझं पुस्तक कथाकादंबरीत जमा होईल."

"हेरंबसर, तुम्ही?"

"ऑफिसात. दहा माणसं सांगतील. अजून काय, बोटांचे ठसे घेतेस?"

"नंतर बघू," मी म्हणाले. ताईने मला चिमटा काढला.

समरजितकाका म्हणाले, "मी छाणीला. घड्याळवाल्याकडे, सोमवारचं ठरवायला."

दाराच्या जाळीतून मी कांचनबेनना हाक मारली. त्या बाहेर स्टूल टाकून बसल्याच होत्या. असा तमाशा त्या थोड्याच सोडणार!

"हुं तो दहा वाजेपर्यंत खंडेराव मार्केटात," त्या जाळीखालून ओरडल्या. "मग स्वयंपाकघरात. वर कोण आलं, कोण गेलं, मला काय माहीत, बेन!"

राहिले काकासाहेब. त्यांना विचारायचं धाडस कोणी करत नाही, म्हणून मी केलं.

"तुम्ही स्वतः ही वही शेवटची कधी हातात घेतलीत?"

"खंडेनवमीला," ते लगेच म्हणाले. "लोक शस्त्रं पुजतात, हत्यारं पुजतात. आमच्या घरी धनाजीरावांची वही पुजतात. इथेच, या टेबलावर. मी स्वतः कपाट उघडलं."

"कोणाच्या कार्डाने?"

"माझ्या. पूजेच्या दिवशी दुसऱ्याच्या कार्डाने मी माझ्या पणजोबांना बाहेर काढीन?"

मी उडी मारून संगणकापाशी गेले. हेरंबसरांनी खंडेनवमीची तारीख काढली. कपाट तीन, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं.

नाव: यशश्री.

"बघा!" मी किंचाळलेच. "नोंद खोटी आहे! काकासाहेबांनी उघडलं आणि नाव ताईचं! ताई सुटली!"

हेरंबसर हळूच वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"नोंद खोटी आहे खरी," ते म्हणाले. "आणि या प्रणालीत नोंद खोटी करू शकेल असा माणूस एकच आहे. जिने ही प्रणाली लिहिली."

सुटली म्हणता म्हणता मी ताईला आणखी आत ढकललं होतं.

४

"मूळ प्रोग्रॅम उघडून बघा," ताई म्हणाली. तिचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. "कपाटाच्या फाइलला जुलैनंतर हात लावलेला नाही."

ते खरं होतं. हेरंबसरांनी फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. कार्ड घे, नाव नोंद, कपाट उघड. सरळ. एक आणि दोन नंबरची कपाटं याच फाइलवर चालतात, आणि त्यांच्या नोंदी चोख होत्या.

तेवढ्यात ताईने माझा हात धरला. घट्ट. मला खिडकीपाशी ओढलं.

"अवनी," ती कुजबुजली. "चाचणी. मी चाचणी काढलीच नाही."

इथे थोडं समजावते, सोपं आहे. ताईने मला रूबी नावाची भाषा शिकवलीय, तिच्यात मिक्सिन असतो. आमच्या घरचं उदाहरण घ्या. बाबा रात्रपाळी करून येऊन झोपले की त्यांचा फोन आई उचलते. शाळेतून निरोप येतो, "अवनी वर्गात फार बोलते." आईच्या हातून तो बाबांपर्यंत पोचतो तेव्हा झालेला असतो, "अवनी वर्गात उत्तरं देते." बाबा तेच, नंबर तोच. बाबांना कितीही तपासा, काही सापडणार नाही, कारण गोष्ट मध्ये घडते. मिक्सिन म्हणजे ती मध्ये उभी राहणारी आई. आणि ती एकाच कपाटाला चिकटवता येते. बाकीच्या कपाटांना पत्ताही लागत नाही.

श्रावणात तीन नंबरचं कपाट रिकामं होतं, तेव्हा ताई त्याच्यावर सगळ्यांची कार्डं तपासून बघत होती. नोंदवहीत सगळ्यांची नावं उगाच घुसू नयेत म्हणून तिने त्या एका कपाटापुढे 'चाचणी' नावाचा एक मिक्सिन उभा केला: येईल ते नाव बदलून 'यशश्री' कर आणि मग आत पाठव. चालू प्रोग्रॅमलाच चिकटवला, फाइलमध्ये लिहिला नाही. गणपती झाले की काढायचा होता.

"आणि राहिला," ताई म्हणाली. डोळे भरले होते. "सांगितलं तर नोकरी गेली. एवढी बावळट चूक! नाही सांगितलं तर चोर."

मी तिला माझा रुमाल दिला.

"बास झालं," हेरंबसर उठले. "मला साडेचारला दुसरीकडे जायचंय. काकासाहेब तुमची पुस्तकं खाली ठेवणार नाहीत, तर मी यंत्रणा बंद करून परत चालू करतो. दोन मिनिटं दार आपोआप उघडं राहतं. बाकीचं पोलिस बघतील."

त्यांचं बोट बटणाकडे निघालं. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. तो मिक्सिन फाइलमध्ये नाही! तो फक्त चालू यंत्राच्या स्मरणात आहे! एकदा बंद केलं की फाइल स्वच्छ, कपाट स्वच्छ, आणि ताईचं नाव तेवढं नोंदीत कायमचं.

"थांबा!"

मी बटणापुढे जाऊन उभी राहिले. दोन्ही हात पसरून, कबड्डीत उभे राहतात तशी.

"सर," माझ्यामागून ताई म्हणाली. "बंद करू नका. मला काहीतरी सांगायचंय. चूक माझी आहे."

५

तिने सगळं सांगितलं. मी मध्ये एकदाही बोलले नाही. हा माझा विक्रम आहे.

मग ती खुर्चीत बसली आणि तिने यंत्राला विचारलं, तीन नंबरच्या कपाटापुढे कोण कोण उभं आहे? पडद्यावर एकाखाली एक तीन शब्द आले.

चहा. चाचणी. कपाट.

"म्हणजे नोंदीला काही अर्थच नाही," हेरंबसर ओठ चावत म्हणाले. "या कपाटापुरतं कोणीही आलं तरी यशश्रीच. मग चोर कोणीही असेल. हिच्यासकट."

"हे 'चहा' काय आहे?" निरुपमाबाईंनी विचारलं.

ताईला त्याही परिस्थितीत थोडं हसू आलं. "कांचनबेनची मागणी. या घरात संग्रह बघायला येणाऱ्याला चहा मिळतोच, पण वर कोण आलंय ते त्यांना खाली कळत नव्हतं. म्हणून दिवाळीत तिन्ही कपाटांपुढे मी आणखी एक मिक्सिन उभा केला. कपाट उघडलं की स्वयंपाकघरातला स्पीकर सांगतो, कुठला चहा करायचा. नाव सांगत नाही. त्याच म्हणाल्या, नावं नको, चहा सांग."

मी त्या तीन शब्दांकडे बघत होते. चहा सगळ्यात वर.

"ताई, जो नंतर चिकटतो तो पुढे उभा राहतो ना?"

"हो."

"म्हणजे घरात आधी आई फोन उचलत होती, मग आत्या राहायला आली आणि ती आईच्या पुढे बसली. आता निरोप आधी आत्या ऐकणार. आई तो बदलायच्या आधी!"

ताई खुर्चीतून उठली. "चहाला खरं नाव कळतं," ती म्हणाली. "चाचणी त्याच्यामागे आहे. नाव बदलतं ते नंतर!"

"कांचनबेन!" मी जाळीखाली धावले. "गुरुवारी चहा फुकट गेला तो कुठला?"

"दुधाचा, बिनसाखरेचा," लगेच उत्तर आलं. "साडेअकराला घेऊन आले तर खोली रिकामी. एवढं दूध घातलेलं! शेवटी तुळशीत ओतला."

ताई चहाच पीत नाही. तिच्यासाठी स्पीकर गप्प राहतो. म्हणजे गुरुवारी ताई नव्हती! मी तिला मिठीच मारली. मग वळून एकेकाचा कप बघितला.

आल्याचा, गोड. काळा, लिंबाचा. कॉफी. समरजितकाकांचा तर दोन चमचे जास्तीचा, तळाशी साखर दिसत होती.

दुधाचा बिनसाखरेचा चहा पिणारं या खोलीत कोणीच नव्हतं.

६

साडेचार. काकासाहेबांच्या मांडीवरचे मोर तिथेच होते.

"तुझा चहाही खोटा बोलला वाटतं," हेरंबसर म्हणाले, पण आता टोमण्यात दम नव्हता. तेही विचार करत होते.

मी डोळे मिटले. स्पीकर आजचा चहा थोडाच सांगतो? ताईने त्याला शिकवला तो सांगतो. आणि शिकवला कधी?

"दिवाळीत," मी मोठ्याने म्हणाले. "ताई, यादी कधी भरलीस?"

"बेसत्या वर्षाला, म्हणजे पाडव्याला. साल मुबारक करायला आले होते तेव्हा सगळ्यांना विचारून."

"त्या दिवशी," निरुपमाबाई सावकाश म्हणाल्या, "कोणीतरी मला घारी देऊ केली आणि स्वतः मात्र घेतली नाही. नव्या वर्षाचा संकल्प म्हणून साखर सोडली होती."

"आठ दिवस टिकलं ते!" जाळीतून कांचनबेन ओरडल्या. "नवव्या दिवशी मोहनथाळाचा डबा साफ!"

कोणी नाव घेतलं नाही. ताईने यादी उघडली. तिथे ते होतंच, दिवाळीपासून न बदललेलं. समरजित: दुधाचा, बिनसाखरेचा.

"हे काय चाललंय?" समरजितकाका म्हणाले. "एका कप चहावरून? मी छाणीला होतो सांगितलं ना! आणि घेतली असती, तर वही कुठंय? झडती घ्या माझ्या खोलीची."

"खोलीची कशाला?" मी म्हणाले. आवाज वक्तृत्वातलाच, आणि बोट लंबकाच्या घड्याळाकडे. "अकरा वीसला कपाट उघडलं. हे घड्याळ अकरा चोवीसला बंद पडलं. लंबकाला काहीतरी आडवं आलं. निरुपमाबाई खाली दिवाणखान्यात, वही घेऊन त्यांच्यासमोरून जाता येत नाही. आणि सोमवारी अख्खं घड्याळच छाणीला जाणार, नाही का? चावी कोण देतं याला?"

"मीच," ते म्हणाले. इतकं हळू की ऐकू आलं नाही, फक्त दिसलं.

काकासाहेबांनी हात पुढे केला. समरजितकाकांनी खिशातून छोटी पितळी किल्ली काढली. पण ती दिली नाही. स्वतःच उठले, खालची लाकडी पेटी उघडली आणि आतून रुमालात गुंडाळलेली वही काढली. अगदी जपून, झोपलेलं मूल उचलतात तशी. त्यांच्या हाताचा धक्का लंबकाला लागला. नंतर टिकटिक सुरू झाली.

"या घरात घड्याळाला हात लावणारा मी एकटा," ते म्हणाले. "लहानपणापासून विचारतोय, काका, एकदा वही द्या, एकदा चित्रं बघू द्या. तुम्ही म्हणालात, खराब होईल. आणि आता परक्यांना देताय, मला न विचारता."

काकासाहेबांनी मांडीवरची पुस्तकं बाजूला ठेवली. पहिल्यांदाच.

"आणि ही पोरगी?" निरुपमाबाईंनी ताईकडे बोट दाखवलं.

"नोंदीत माझं नाव निघेल असंच धरून होतो. कपाट मी कधीही उघडू शकतो, त्यात काय! तिचं नाव निघालं तेव्हा..." ते ताईकडे बघू शकले नाहीत. "तेव्हा गप्प बसलो. चोरीपेक्षा ते वाईट केलं."

ताई संगणकाकडे वळली, दोन ओळी टाइप केल्या आणि हेरंबसरांना म्हणाली, "सर, चाचणी काढली. माझी चूक मी लिहून देईन. सोमवारी काय ठरवायचं ते ठरवा."

हेरंबसरांनी पडदा बघितला. आता तिथे दोनच शब्द होते.

"सोमवारी तू आधी बाकीची कपाटं तपासशील," ते म्हणाले. "आणि मी तुझं काम तपासायला शिकेन. मीही सही करून दिली होती ना यावर."

मधल्या गडबडीत तीन नंबरचं कपाट बंद झालं होतं. काकासाहेब समरजितकाकांना म्हणाले, "तुझ्या कार्डाने उघड. तुझ्या हाताने ठेव. पाचला ते लोक येतील तेव्हा त्यांना सांगू, वही वर्षभर इथेच राहील. आधी घरच्या माणसाला बघायचीय."

समरजितकाकांनी कार्ड लावलं. पडद्यावर नाव उमटलं: समरजित. त्या कपाटाने पहिल्यांदा खरं नाव लिहिलं. त्यांनी वही लाल बासनात बांधून आत ठेवली, वजन भरलं, आणि पाठीमागे अडसर सरकले. दार उघडलं. मी एवढा मोठा श्वास घेतला की ताई दचकली.

कोणीच बाहेर पळालं नाही, गंमत म्हणजे. सगळे तसेच उभे. कांचनबेन तर मघाशीच स्टुलावरून गायब झाल्या होत्या. पाच-सात मिनिटांनी जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या.

"खाली स्पीकर बोलला," त्या धापा टाकत म्हणाल्या आणि कप समरजितकाकांपुढे धरला. "दुधाचा, बिनसाखरेचा. आज तरी फुकट घालवू नका."

ते कपाकडे बघत राहिले. मग दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्याउभ्या, तोंड वाकडं न करता, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.